दुविधेतून कोड्याकडे : अद्भुत कथांच्या माध्यमांतरातील स्त्री

प्रस्तावना

साहित्यकृतीचे चित्रपटात माध्यमांतर होताना कथानकात फेरफार होणे अटळ असते. कित्येक रात्री वाचली जाणारी कादंबरी अडीच तासांत बसवायची म्हटल्यावर पात्रे गळतात, प्रसंग एकमेकांत मिसळतात, शेवट बदलतो. या बदलांचा सर्वाधिक भार स्त्रीपात्रांवर पडतो, असे निरीक्षण अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदविले आहे. मात्र या चर्चेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो. चित्रपटाने नायिकेला मूळ कृतीपेक्षा सबळ केले की दुर्बळ? प्रस्तुत लेखकास हा प्रश्न अपुरा वाटतो. नायिकेच्या हाती तलवार आली, तिला गाणे मिळाले, तिला सुखान्त लाभला, एवढ्यावरून ती सबळ झाली असे ठरत नाही. तिला काय ठाऊक आहे, ती स्वतः काय ठरवते आणि त्या निर्णयाची किंमत तिला मोजावी लागते काय, हे तपासल्याखेरीज माध्यमांतरात तिचे काय झाले हे कळणार नाही.

अद्भुत कथेच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. वास्तववादी कथेत स्त्रीला जे करणे अशक्य असते, ते भूत, यक्ष, नाग, शाप यांच्या आडोशाने अद्भुत कथा तिला करू देते. हा आडोसा चित्रपट कसा वापरतो, हे पाहण्याजोगे आहे.

मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. परंतु मराठी चित्रपट कादंबरीकडे वळला तो प्रामुख्याने सामाजिक आशयासाठी. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' वरून प्रभातचा 'कुंकू' (१९३७) झाला, शांता निसळ यांच्या 'बेघर' वरून जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) झाला. अद्भुताचे गंभीर माध्यमांतर पाहावयाचे तर मराठी दिग्दर्शकांनी हिंदीत केलेल्या दोन चित्रपटांकडे जावे लागते. एक, अमोल पालेकर यांचा 'पहेली' (२००५) आणि दुसरा, राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). दोहोंचा मूलस्रोत कादंबरी नसून कथा आहे, ही मर्यादा प्रारंभीच मान्य केलेली बरी.

मूळ कथेतील वधू

'पहेली' चा आधार असलेली 'दुविधा' ही कथा विजयदान देथा (१९२६-२०१३) यांची. जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या आपल्या गावी राहून देथांनी राजस्थानी लोककथा ऐकल्या, जमविल्या आणि स्वतःच्या शैलीत पुन्हा लिहिल्या. 'बातां री फुलवारी' या त्यांच्या बहुखंडी ग्रंथमालेत त्या आल्या आहेत. हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' हे नाटकही देथांच्याच कथेवरचे.

'दुविधा' चे कथानक थोडक्यात असे. लग्नाची वरात परतीच्या वाटेवर विसाव्याला थांबते. झाडावर राहणारे एक भूत नववधूला पाहते आणि तिच्यावर भाळते. वर मात्र लग्नाच्या खर्चाचा हिशेब जुळविण्यात गुंतलेला असतो. वधूला वाटेवरची रानफळे खावीशी वाटतात, तर ती गरिबागुरिबांनी खायची वस्तू, असे त्याचे मत. घरी पोहोचताच तो व्यापारासाठी पाच वर्षांच्या प्रवासाला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते, रोज सोन्याच्या मोहरा देण्याचे आश्वासन देऊन सासऱ्याचे तोंड बंद करते आणि वधूच्या दालनात जाते. तेथे मात्र ते खोटे बोलत नाही. मी तुझा नवरा नव्हे, भूत आहे, हे तिला सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपविते.

कथेचे सारे सामर्थ्य या क्षणात आहे. लग्न ठरविताना तिला कोणी विचारले नाही, नवरा निघून गेला तेव्हाही विचारले नाही. तिची इच्छा विचारणारा पहिला पुरुष माणूसच नसतो. ती जाणूनबुजून त्याचा स्वीकार करते. पुढे तिला दिवस जातात, बातमी दूरदेशी असलेल्या पतीपर्यंत पोहोचते, तो परततो आणि दारात एकसारखे दोन पुरुष उभे राहतात. निवाडा एका मेंढपाळाकडे जातो. तो युक्तीने भुताला कातडी पखालीत शिरावयास लावतो आणि पखालीचे तोंड बांधून टाकतो. खरा कोण आणि खोटा कोण हे जिला पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे, तिच्या सांगण्यावर हा निवाडा अवलंबून नसतो. ती मुलीला घेऊन त्याच घरात, त्याच नवऱ्याबरोबर राहते. देथांनी तिला नाव दिलेले नाही.

गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल' (१९८८) या कन्नड नाटकाशी ही कथा ताडून पाहिली म्हणजे देथांचे धाडस ध्यानी येते. तेथेही नाग पतीचे रूप घेऊन राणीकडे येतो. पण रात्री येणारा पुरुष आपला पती नाही, हे राणीला माहीत नसते. तिचे अज्ञान तिला दोषमुक्त करते आणि दिव्याअंती गावच तिला देवीपद देते. देथांच्या वधूला असे कवच नाही. तिला सारे ठाऊक असते, म्हणून तिला देवी होता येत नाही.

मणी कौल यांची 'दुविधा' (१९७३)

या कथेवरचा पहिला चित्रपट मणी कौल यांचा. चित्रीकरण बोरुंद्यातच झाले. वधूच्या भूमिकेत रईसा पदमसी आणि पती व भूत अशा दोन्ही भूमिकांत रवी मेनन होते. नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या छायाचित्रणात स्थिर चौकटींचा वापर वारंवार होतो. पात्रे फारशी बोलत नाहीत, त्यांचे मनोगत व कथानक निवेदनाच्या स्वरात ऐकू येते. दिग्दर्शनासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, पण सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत तो क्वचितच पोहोचला.

कौल यांनी कथानकात भर घातली नाही, शेवटही बदलला नाही. तरीही वधू बदलते. गद्यात लेखक तिच्या मनात शिरतो आणि तिचा विचार वाचकाला थेट सांगतो. कॅमेऱ्याला चेहरा, हात, ओढणी, भिंत एवढेच दिसते. कौल या अडचणीवर मात करण्याचा प्रयत्न करीत नाहीत, उलट ती तशीच ठेवतात. परिणामी देथांची वधू आपल्याला कळते, तर कौल यांची वधू केवळ दिसते, कळत नाही. काही समीक्षकांना हा चित्रपट थंड वाटतो, आणि तो तसा आहेही. पण जिला कोणी काही विचारीत नाही अशा स्त्रीचे मन प्रेक्षकालाही सहजी हाती लागू नये, यात एक प्रकारची सचोटी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'पहेली' : नाव, गाणी आणि सुखान्त

बत्तीस वर्षांनी, २४ जून २००५ रोजी, 'पहेली' प्रदर्शित झाला. पटकथा संध्या गोखले यांची, गीते गुलजार यांची, छायाचित्रण रवी के. चंद्रन यांचे, निर्मिती शाहरुख खान यांच्या संस्थेची. वधूची भूमिका राणी मुखर्जी यांनी, तर पती व भूत या दोन्ही भूमिका शाहरुख खान यांनी केल्या. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून हा चित्रपट पाठविण्यात आला होता.

येथे वधूला नाव मिळते, लच्छी. ती हसते, रुसते, गाते. भुताशी तिचे सहजीवन विस्ताराने येते. तिच्या सोबतीला गजरोबाई ही जाऊ येते (जुही चावला). उंटांच्या शर्यतीत हरल्याच्या लाजेने घर सोडून गेलेल्या पतीची ती वाट पाहात असते. देथांच्या निवेदकाची जागा दोन कठपुतळ्या घेतात. त्यांना नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे आवाज आहेत. गजरोबाईची जोड महत्त्वाची आहे. पती परदेशी असलेल्या स्त्रीची दुसरी शक्यता, म्हणजे आज्ञाधारक प्रतीक्षा, तिच्यामुळे डोळ्यांसमोर राहते आणि लच्छीचा निर्णय एका स्त्रीचा लहरीपणा न वाटता त्या घराच्या रीतीवरचे उत्तर ठरतो. मूळ कथेत नसलेली ही भर कथेला उपकारक ठरली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

भूत सत्य सांगते तो प्रसंगही पालेकर-गोखले यांनी जपला आहे. आपली इच्छा आजवर कोणी विचारली नाही, हा लच्छीच्या मनातला भाव चित्रपटात स्पष्टपणे येतो. २००५ च्या व्यावसायिक हिंदी चित्रपटात विवाहित नायिकेने परपुरुषाचा जाणूनबुजून स्वीकार करणे आणि कथेने तिला शिक्षा न देणे, ही साधी गोष्ट नव्हती.

अडचण सुरू होते ती पुढे. चित्रपटाच्या अखेरीस मेंढपाळ (अमिताभ बच्चन) भुताला पखालीत कोंडतो, पती घरी येतो, लच्छी शोकात बुडते आणि मग कळते की भूत पखालीतून सुटून पतीच्याच देहात शिरले आहे. लच्छीला प्रियकरही मिळतो आणि समाजमान्य नवराही, एकाच शरीरात. मूळ शीर्षक 'दुविधा' होते. त्याचे 'पहेली', म्हणजे कोडे, झाले. कोड्याला उत्तर असते. दुविधेला ते नसते, तिच्यात कोणतीही बाजू घेतली तरी काहीतरी गमवावे लागते. देथांच्या वधूने गमावले. लच्छी काहीच गमावीत नाही, आणि म्हणून पहिल्या रात्री तिने घेतलेल्या निर्णयाचे वजन मागाहून कमी होते. तिने धोका पत्करला होता हे प्रेक्षक विसरतो, कारण धोका शेवटी उरतच नाही. देथांकडे अद्भुताने तिच्यापुढे प्रश्न ठेवला होता, येथे अद्भुतच तो प्रश्न मिटवून टाकते. शिवाय मूळचा पती, किशनलाल, त्याचे काय झाले याची विचारपूस कोणी करीत नाही. तो हिशेबी आणि कोरडा होता हे खरे, पण बापाच्या आज्ञेने घराबाहेर पाठविला गेलेला तोही एक मुलगाच होता.

याची कारणे दिग्दर्शकाच्या भिडस्तपणात शोधणे अन्यायाचे होईल. दोनच वर्षांपूर्वी पालेकरांनी मराठीत 'अनाहत' (२००३) केला होता. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात राजाला अपत्य होत नाही म्हणून राणी शीलवतीला एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडण्यास भाग पाडले जाते. सकाळी परतल्यावर ती अमात्यांना आणि पतीला आपल्या देहाच्या इच्छेविषयी जे ऐकविते, त्यावर चित्रपट कोणताही दिलासा देत नाही. तेव्हा हा दिग्दर्शक दुविधा उघडी ठेवू शकत होता. 'पहेली' त ती बंद झाली, त्यामागे माध्यमाच्या अर्थकारणाचा वाटा मोठा असावा, असे अनुमान करता येते. लोकप्रिय तारा पखालीत कोंडला गेलेला पाहून सहकुटुंब आलेला प्रेक्षक समाधानाने घरी जात नाही.

ताऱ्याचा आणखी एक परिणाम संभवतो, तो बारकाईने पाहावा. गद्यात पती आणि भूत यांचे रूप एक आहे, ही केवळ कल्पना असते. पडद्यावर दोन्ही पुरुष शाहरुख खानच असतात. पतीला अवघडलेला आणि किंचित हास्यास्पद केले जाते, भुताला त्या ताऱ्याची सर्वपरिचित प्रेमळ अदा मिळते. प्रेक्षकाने निवड आधीच केलेली असते, लच्छी तिला केवळ दुजोरा देते. देथांच्या वधूने मात्र एका भुताला निवडले होते, ज्याच्याविषयी वाचकाच्या मनात कोणताही पूर्वग्रह नव्हता.

तलवार आणि आजारपण : टॉल्किनच्या स्त्रिया

देण्याघेण्याचा हा व्यवहार केवळ आपल्याकडचा नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत आर्वेन मुख्य कथानकात क्वचितच दिसते. तिची कहाणी परिशिष्टात आहे. अमरत्व सोडून ती मर्त्य अरागॉर्नशी विवाह करते, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्या निर्णयाचा कडवटपणा तिला एकटीने सोसावा लागतो. पीटर जॅक्सन यांच्या पहिल्या चित्रपटात (२००१) जखमी फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदीपार नेणारी आर्वेन आहे. कादंबरीत त्याच्या साहाय्याला ग्लॉरफिंडेल हा पुरुष येतो. तलवार उपसून उभी राहिलेली ही आर्वेन पाहून नायिका सबळ झाली, असेच कोणीही म्हणेल. पण तिसऱ्या चित्रपटापर्यंत (२००३) तीच आर्वेन खंगत चाललेली दिसते, कारण तिचे प्राण अंगठीच्या भवितव्याशी जोडले गेले आहेत. तिचे जगणे-मरणे इतरांच्या पराक्रमावर अवलंबून राहते. कादंबरीतील आर्वेन घोडा दौडवीत नाही, पण आपल्या निर्णयाची किंमत ती स्वतः मोजते.

एओविनचे उदाहरण याहून बोलके आहे. पुरुषवेषात रणांगणावर जाऊन ती नाझगुलांच्या अधिपतीला ठार करते, हे पुस्तकात आणि चित्रपटातही आहे. पुस्तकात मात्र शिरस्त्राण उतरेपर्यंत तो योद्धा एओविन आहे हे वाचकाला सांगितले जात नाही. चित्रपटात चेहरा लपविणे अवघड, म्हणून प्रेक्षकाला ते आधीच माहीत असते. त्यानंतर शुश्रूषागृहात ती निराशेतून बाहेर येते, फारामिरला स्वीकारते आणि शस्त्र ठेवून उपचार करणारी होण्याचा निश्चय करते. हा भाग चित्रपटगृहात दाखविलेल्या आवृत्तीत जवळजवळ गळला आहे. पराक्रम राहिला, पण त्यानंतरचा तिचा स्वतःविषयीचा विचार गेला. हा विचार टॉल्किन यांनी पुन्हा तिला घरात बसविण्यासाठी योजला, असाही आक्षेप घेतला जातो व तो निराधार नाही. पण आक्षेप घेण्यासाठीसुद्धा तो प्रसंग प्रेक्षकासमोर यावा लागतो.

हॅरी पॉटर मालिकेतील हर्मायनीबाबत एवढेच नमूद करणे पुरे. तिसऱ्या चित्रपटात (२००४) सिरियस ब्लॅकसमोर जखमी पायावर उभे राहून मित्राची बाजू घेणाऱ्या रॉनचे धाडसी वाक्य तिच्या तोंडी गेले, आणि चौथ्या चित्रपटात (२००५) घरगुती एल्फांच्या हक्कांसाठी तिने उभारलेली चळवळ पूर्णतः वगळली गेली. ती अधिक शूर आणि अधिक देखणी झाली. मात्र सर्वांना कंटाळा येईपर्यंत एका अन्यायाविषयी बोलत राहणारी, थोडी हेकेखोर मुलगी त्यात हरवली.

उमरखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी साहित्य शिकविणाऱ्यांना याचे व्यावहारिक महत्त्व आहे. विद्यार्थिनी या कथांना प्रथम भेटते ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. पुस्तक हाती आले तर मागाहून येते. चित्रपट हीच तिच्या दृष्टीने मूळ संहिता असते आणि लच्छीचा सुखान्त हाच 'दुविधा' चा शेवट. दोन्ही शेवट शेजारी ठेवून तुला कोणता पटतो आणि का, असे वर्गात विचारता येईल. त्या चर्चेत बहुतेक मुलींनी सुखान्ताची बाजू घेतली, तर त्यांना चूक ठरविण्याची घाई शिक्षकाने करू नये.

'तुंबाड' ची आजी आणि आई

दुसरे उदाहरण भयकथेचे. नारायण धारप यांची एक गोष्ट १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात मित्राकडून ऐकली आणि तेथून 'तुंबाड' चे बीज पडले, असे राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे. (श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' शी या चित्रपटाचे नाते शीर्षकापुरतेच आहे.) धारपांची ती कथा, 'आजी', स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवरून घेतलेली. किंग यांच्या कथेत घरात एकट्या राहिलेल्या मुलासमोर त्याची मरणासन्न आजी आहे. आजी चेटकीण आहे, आणि भयाचे उगमस्थान ती स्वतःच आहे.

चित्रपटात हे उगमस्थान हलविले जाते. समृद्धीची देवी, तिचा पहिला, लोभी पुत्र हस्तर आणि देवीच्या गर्भात दडलेले सोने, असे नवे पुराण रचले जाते. आजी आता चेटकीण राहात नाही. ती हस्तरच्या स्पर्शाने शापित झालेली, साखळीने बांधलेली, मरण न येणारी म्हातारी आहे. हस्तरचे नाव घेतले की ती झोपी जाते. वर्षांनंतर विनायक परततो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते. खजिन्याची वाट ती सांगते आणि मोबदल्यात केवळ मरण मागते.

या बदलाचे स्वागत करावे असे एक कारण आहे. म्हातारी, एकटी स्त्री म्हणजे चेटकीण, ही समजूत आपल्या समाजात केवळ कथेपुरती राहिलेली नाही. अन्यथा महाराष्ट्राला २०१३ मध्ये नरबळी आणि जादूटोणा प्रतिबंधक कायदा करावा लागला नसता. आपल्यापासून फार दूर नसलेल्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी गुप्तधनाच्या लोभापायी स्त्रिया व मुलींच्या हत्या झाल्या. त्यांवर विजय तेंडुलकर यांच्या लेखनातून पालेकरांनीच 'आक्रीत' (१९८१) हा चित्रपट केला होता. तो आठवला की 'तुंबाड' मधील सोने आणि स्त्रीदेह यांची सांगड केवळ कल्पनाविलास वाटत नाही. बर्वे यांनी दोष म्हातारीकडून काढून पुरुषाच्या हावेकडे नेला, हे योग्यच झाले.

पण दोषाबरोबर तिची सत्ताही गेली. 'ग्रॅमा' मधील आजी भयंकर होती, परंतु ती काहीतरी करीत होती. 'तुंबाड' मधील आजी खजिन्याकडे जाणारी एक वाट झाली आहे. देवी तर त्याहूनही निश्चल, तिचा गर्भ हीच तिजोरी. त्यात पुरुष दोराने उतरतात, कणकेची बाहुली टाकून हस्तरला भुलवितात आणि मोहरा घेऊन वर येतात. पुण्यातील घरी विनायकाची पत्नी वैदेही (अनिता दाते) हा पैसा कोठून येतो हे पूर्णपणे जाणत नाही आणि तिला जाणू दिलेही जात नाही.

या साऱ्या चित्रपटात स्वतःहून निर्णय घेणारी स्त्री एकच आहे, विनायकाची आई (ज्योती माळशे). सरकारांच्या वाड्यात एका मोहरेच्या आशेवर तिने वर्षे काढलेली असतात. धाकटा मुलगा गमावल्यावर ती सोने, वाडा आणि म्हातारी मागे टाकून पुण्याची वाट धरते आणि पुन्हा तुंबाडला पाऊल टाकणार नाही, अशी शपथ विनायकाकडून घेते. त्याने ती पाळली असती तर चित्रपट तेथेच संपला असता. पात्रांच्या यादीत तिची ओळख 'विनायकची आई' एवढीच आहे.